बारवेतलं आग्यामोहोळ

ओरडता येत नव्हतं. मी बारवेच्या तळातून दोन्ही हातांनी खुणा करत होते. वर काठावर उभ्या असलेल्या समीरचं लक्ष रिमोटमध्ये होतं आणि त्याचा ड्रोन कमानीकडे सरकत होता.

बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. पोखर्णीच्या पुढच्या एका गावात बचतगटाच्या बायका तिचा गाळ काढत होत्या. पुण्याहून आलेला ग्रुप मी त्यांच्या हाताखाली कामाला लावला होता. आमच्या धंद्यात याला कम्युनिटी व्हिजिट म्हणतात. प्रवाशानं गाव नुसतं बघायचं नाही, गावाच्या कामाला हात लावायचा. मधला दुवा लोकल गाइड, म्हणजे मी.

कमानीला आग्यामोहोळ होतं, मोठ्या चिडक्या मधमाश्यांचं. बायका त्याच्याखालून गुपचूप ये-जा करत. धूर नको, गोंगाट नको, ड्रोन नको, हे मी ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं. ग्रुपमधल्या समीरनं मानही डोलावली होती.

पोळं एकदम उठलं.

"ओवरीत शिरा!" कांतामावशी ओरडल्या. त्या गटाच्या अध्यक्ष. तळाशी भिंतीत एक खोली आहे, तीच ओवरी. सगळे आत घुसले. बायकांनी गाळाची ओली ताडपत्री दारावर ओढली. समीर वरच्या वर गाडीकडे पळाला.

ग्रुपमधल्या प्रधान काकू आत नव्हत्या.

मी फटीतून पाहिलं. साठीच्या काकू गुडघे दुखतात म्हणून पायरीवर टेकल्या होत्या. आता तिथंच बसून चेहऱ्याभोवती हात झाडत होत्या. हात झाडले की माश्या जास्तच तुटून पडतात.

मी ओलं गोणपाट उचललं.

"कुठं निघालीस? मरायलीस काय?"

"माझ्या पाहुण्या आहेत त्या, मावशी."

"मग माझ्या न्हाईत व्हय?" मावशींनी दुसरं गोणपाट डोक्यावर घेतलं.

आम्ही काकूंना गोणपाटात गुंडाळून अक्षरशः ओढत खाली आणलं. माझा एक डोळा माश्या चावून सुजून मिटला होता. काकूंचे ओठ सुजले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पण बाहेर माश्या घोंगावत होत्या. वर नेणार कसं? मावशी काकूंची पाठ चोळत राहिल्या. "माझ्याकडं बघा, बाई. हळू श्वास घ्या."

माश्यांचा आवाज ओसरला तशी गावातली माणसं घोंगड्या पांघरून उतरली आणि काकूंना उचलून वर ॲम्ब्युलन्सपर्यंत घेऊन गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. घशाला सूज चढत होती, म्हणाले. श्वास मोकळा झाल्यावर काकूंनी आधी सोबत आलेल्या मावशींचा हात धरला.

तेवढ्यात पुण्याहून आमच्या टूर कंपनीच्या सरांचा फोन. "गावानं काळजी घेतली नाही, असं रिपोर्टमध्ये लिहू या का?"

"नाही सर. ड्रोन आपल्या गाडीतून आला होता."

ते म्हणाले, "ठीक आहे."

मावशी आणि मी गावात परतलो तर काही जण पोळं जाळायला निघाले होते. मावशी आडव्या उभ्या. "माशा तर पयल्यापास्नं हायत. आपल्याला कधी चावल्या का?" समीर मागं उभा होता. त्यानं हात जोडून माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "आता काम बंद. माशा गेल्यावर बघू."

पुढे उन्हाळा तापल्यावर माश्या पोळं सोडून आपणहून गेल्या. मावशींचा फोन आला, "धाडा माणसं. गाळ लय राहिलाय."

प्रवाशाला गावात नेणं सोपं आहे. तो गेल्यावर गावानं पुन्हा 'या' म्हणावं, गाइडचं काम तेवढंच.