पापलेटाचं तिसरं कडवं

"तिसरं कडवं ऐका, मंग बोला," असं म्हणताना आमचे बॉयलरवाले भाऊ एक बोट वर करत आणि डोळे मिटून घेत. हे काही गाण्यापुरतं नव्हतं. कँटीनच्या चहाला कोणी नावं ठेवली, नवा मॅनेजर कोणाला खडूस वाटला, तरी त्यांचं उत्तर हेच. एकच वाक्य घेऊन आयुष्य काढणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण अशा माणसाला हसतो आणि पुढे जातो. मीही तेच करणार होते.

ऐंशीच्या दशकात बोईसरच्या एका रंगांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते आणि ते बॉयलरवर. ते राहायचे तारापूरच्या बाजूला, समुद्राकाठी. त्यांची गिटार कोणाकडून तरी जुनी घेतलेली. तिची सगळ्यात बारीक तार तुटली, तेव्हा तिथे त्यांनी मासेमारीच्या जाळ्याचा तंगूस, तो नायलॉनचा दोरा, ओढून बसवला होता. तो वाजला की 'टुब्ब' असा आवाज येई.

"सूर सुटत नाही ना यातून?" मी विचारलं.

"मासा सुटत नाय, सूर काय सुटतो!"

बॉयलरच्या पाण्याचा नमुना घ्यायला मी रोज जायचे. बाटली दोन मिनिटांत भरे, मी दहा मिनिटं लावायचे. कारण जेवणाच्या सुट्टीत ते बॉयलरमागे बसून स्वतः रचलेली गाणी म्हणत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत बोलण्याआधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघायची सवय, त्यामुळे बहुतेक वाक्यं मनातच राहत. पण ते गायला लागले की मी भिंतीआड उभी राहून वेड्यासारखी हसायचे.

एक गाणं समुद्राला कंटाळलेल्या पापलेटाचं होतं. ते कंपनीत कामाला लागतं. पहिल्या कडव्यात वॉचमन त्याच्याकडे गेटपास मागतो. दुसऱ्यात सुपरवायझर त्याला हातमोजे देतो, ते परांवर चढेनात. तिसरं सुरू होणार, तेवढ्यात भोंगा.

"नुसतं सांगा ना पुढचं," मी एकदा धीर करून म्हटलं.

"नाय बाय. ते सांगायचं नाय, गायचं हाय. पंधरा वर्सं झाली, आजून एकानं नाय ऐकलं." ते हसले, पण ते हसणं लवकर संपलं.

असं का, ते मला विमलताईच्या भावाच्या हळदीत कळलं. विमलताई आमच्या पॅकिंगमधली, त्यांच्याच गावची. "या हो म्याडम," ती म्हणाली, "तितं कोणी तुमाला इंग्लिश नाय विचारनार."

दुपारी चारचं ऊन, सुक्या बोंबलांचा वास, मंडपात दोन बाकडी जोडून केलेलं स्टेज. त्यावर ते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. पोरं ओरडत होती, "ओ भाऊ, पिक्चरचं होऊ द्या!" त्यांनी ऐकलं नाही. टुब्ब. पापलेट निघालं.

काय सांगू तुम्हाला! दोन कडवी झाली आणि सगळा मंडप उसळला. "पापलेट चाललं कंपनीला, गो, पापलेट चाललं कंपनीला!" बायकांनी धृपद उचललं, ढोलकीनं पकडलं. आणि तिथली रीत अशी, की नवऱ्याची आई नाचते आहे तोवर धृपद सोडायचं नाही. ही आई, म्हणजे विमलताईचीच आई, तर थकायचं नाव घेईना. ते बाकड्यावर तोंड उघडत, पुन्हा मिटत. गाणं सगळ्यांना इतकं आवडत होतं, की ते पुढे जाऊच शकत नव्हतं. पंधरा वर्षं प्रत्येक हळदीत हेच.

मला काय झालं माहीत नाही. मी घोळक्यात घुसले, हळदीनं अर्धी पिवळी झाले, आणि नवऱ्याच्या आईच्या कानात, मनात एकदाही न म्हणता, ओरडले, "काकी, तिसरं कडवं!"

ती जागच्या जागी थांबली. "काय झालं गो? कोन पडलं?"

ती थांबली म्हणून ढोलकी थांबली. ढोलकी थांबली म्हणून सगळे. त्या शांततेत बाकड्यावरून त्यांचा आवाज आला:

"सांजचं पापलेट घरा आलं,
अंगाला वास मशिनीचा,
दर्यानं पुसलं दारामदी,
पोरा, तू कोनाचा रं?"

"अगो बाय," नवऱ्याची आई हळूच म्हणाली, "याला पुढं पन हाय?"

मग ती पाटावर बसलेल्या आपल्या मुलाकडे वळली. तोही आमच्याच औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा. त्याची पिवळीधम्मक हनुवटी हातात धरून तिनं ती ओळ म्हटली, "पोरा, तू कोनाचा रं?"

"तुजाच, आय," तो लाजून म्हणाला.

मंडप पुन्हा फुटला. प्रत्येक बाई आपापला पोरगा शोधून, गालाला हळद फासून विचारू लागली, "पोरा, तू कोनाचा रं?" ढोलकी नव्या ओळीवर धावू लागली. विमलताई हसता हसता रडत होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत नाचत होते.

पुढच्याच वर्षी लग्न होऊन मी बोईसर सोडलं. काही वर्षांनी विमलताईच्या पत्रातून ते गेल्याचं कळलं. त्यांची आठवण काढताना मला मात्र तो मंडपच दिसतो. धृपद आवरेना म्हणून त्यांनी गिटार मांडीवर आडवी टाकली आहे, हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहतं आहे, आणि गर्दीच्या डोक्यांवरून मला चार बोटं दाखवत ते ओरडताहेत, "बाय, चौथं पन हाय!"