परक्या वावरातली सीतादही

घनश्याम आस्वले ताश्कंदला गेला तो कापसाला कंटाळून, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गावात लोक म्हणत, पोरगा हुशार म्हणून सरकारनं पाठवला. हुशार होताच. पण मारेगावकडच्या काळ्या मातीत जन्मलेल्या माणसाचं वर्षातलं निम्मं आयुष्य कापसात जातं. घरात कापूस, ओसरीवर कापूस, अंथरुणात कापूस, बोलण्यातही कापूस. त्यामुळे बासष्ट साली पाटबंधाऱ्याची विद्या शिकायला रशियात जायची संधी आली, तेव्हा घनश्यामनं नकाशातसुद्धा न पाहता हो म्हणून टाकलं. नकाशात पाहिलं असतं, कुणाला विचारलं असतं, तर ताश्कंदच्या आसपास काय पिकतं ते कळलं असतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

निघताना मारेगावच्या मोटार स्टँडवर बापानं, पुंडलिकरावांनी, पेढे वाटले. चारचौघांत ठणकावून सांगितलं, “साहेब होऊनच ये. मंधातच वापस आला त मले तोंड दाखवू नोको.” आई धुरपताबाई मागे उभी होती. तिनं एवढंच विचारलं, “तथी भाकर भेटते का रे?”

“काहून नाही भेटन?” घनश्याम म्हणाला आणि मोटारीत चढला.

भाकर काही भेटली नाही. भेटला तो तंदूरमधला जाडजूड नान, आणि सरकीचं तेल. आमच्याकडे सरकी बैलांना घालतात. तिथं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कढया भरभरून सरकीचं तेल तापायचं, आणि तो वास जिन्यातून वर आला की घनश्यामला आपण गोठ्यात राहतो असं वाटायचं. पहिल्या दिवशी त्यानं ताट परत केलं. दुसऱ्या दिवशी नान आणि कांदा खाल्ला. बरोबर आणलेली जवसाची चटणी तो चिमटीनं पुरवून पुरवून खात होता, तरी ती दिवाळीच्या आतच संपली. मग भूक जिंकली आणि तो बैलाचं खाणं खाऊ लागला.

आंघोळीचीही तीच तऱ्हा. रोज विहिरीवर दोन बादल्या अंगावर ओतणारा हा माणूस, आणि तिथं शनिवारी हमामात जायचं, तेही सगळ्या पुरुषांनी नागवं होऊन. घनश्याम लंगोट लावून आत शिरला तेव्हा वाफेतली सगळी मुंडकी त्याच्याकडे वळली. असले फजितीचे प्रसंग कुणालाही येतात आणि वर्षभरात हसण्यावारी जातात. याचे जाईनात. खोलीतला सोबती अनवर, तिथल्याच फरगण्याकडचा, स्वभावानं गोड. पियाज, किताब, आसमान असले शब्द दोघांना आयतेच सारखे मिळाले होते, त्यामुळे बोलणं अडत नव्हतं. पण घनश्यामचं बूड कुठंच टिकेना. वर्गात बसला की खिडकीबाहेर बघे, खोलीत आला की बाहेर पडे, कालव्याच्या काठानं अंधार पडेपर्यंत चाले आणि परत आल्यावर कुठं गेलो होतो ते त्याला सांगता येत नसे.

“तुला हवंय तरी काय?” अनवर विचारी.

हवं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. त्याला घरी जायचं होतं. पण आपण होऊन जाता येत नव्हतं. मारेगावच्या स्टँडवर खाल्लेले पेढे लोक विसरले नसते आणि बाप तर मुळीच नाही. कुणी हाकलून दिलं असतं तर गोष्ट वेगळी. मग म्हणता आलं असतं, माहा काय दोष, त्यायनंच धाडलं. वर्षभर घनश्याम मनातल्या मनात त्या हाकलण्याची वाट पाहत होता. पण नापास व्हायला त्याचा अभिमान तयार नव्हता आणि भांडण करायला अंगात जोर नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

दुसऱ्या वर्षीच्या शरदात सगळ्या वर्गाला हुकूम आला. कापूस फुटलाय, वेचायला चला.

घनश्याम खदाखदा हसला. अनवरला वाटलं याला आनंद झाला.

ट्रकनं ते एका गावी गेले आणि शाळेत गवत पसरून झोपले. सकाळी दव ओसरल्यावर सगळे शेतात उतरले. घनश्याम बघतच राहिला. झाड नाही, बांधाचा धुरा नाही, नजर थकेपर्यंत नुसती पांढरी पऱ्हाटी. मुलामुलींच्या कमरेला एकेक फडकं बांधलं, झोळीसारखं. आमच्याकडे वेचणाऱ्या बायका अशीच ओटी बांधतात. बायकाच, हे महत्त्वाचं. आस्वल्यांच्या सात पिढ्यांत कुण्या पुरुषानं ओटी बांधली नव्हती. त्यानं मुकाट्यानं बांधली. तेवढी लाज वर्षभरात झिजली होती.

बाकीचे ओळी धरून वेचायला लागले. घनश्यामनं पहिल्या बोंडाला हात घातला, आणि हात थांबला. सीतादही झाली नव्हती.

वेचणी सुरू व्हायच्या दिवशी आमच्याकडे घरची बाई वावरात जाते. धुऱ्याशी पाच ढेकळं मांडते, पहिला फुटलेला कापूस त्यांना वाहते, दहीभात ठेवते, उरलेला चारी अंगांना शिंपडते. याला सीतादही म्हणतात. ती झाल्याशिवाय कुणी बोंडाला हात लावत नाही. धुरपताबाईंची दह्याची गडवी लहानपणी घनश्यामच उचलून न्यायचा, आणि शाळा शिकल्यावर त्यानंच विचारलं होतं, “मातीले दही चारून कापूस वाढते का, माय?” आता चेष्टा करणाऱ्याचाच हात पुढे जाईना. त्यानं स्वतःला शिव्या घातल्या, दोनदा बोंड धरलं, दोनदा सोडलं. शेवटी मुकाट्यानं ओळीतून बाहेर आला आणि शेताच्या कडेला बसून ढेकळं गोळा करू लागला.

न्याहारीचं दही वाडग्यात उरलं होतं. भात रात्रीचा होता, पण तो मटणाचा. तो कसा ठेवणार? त्यानं नान कुस्करला. पाच ढेकळांवर कापूस ठेवला, दहीनान ठेवला, आणि शिंपडायला उठतो तोच घोड्यावरून मुकादम आला. सोबीर त्याचं नाव. शंभर पोरं वाकून वेचतायत आणि एक धडधाकट गडी कडेला बसून दही खेळतोय, हे पाहून तो जो कडाडला!

घनश्यामला समजावून सांगायचं होतं, पण घाबरला की त्याचं सगळं रशियन पळून जाई. तोंडातून निघालं ते, “अजी थांबा ना जरा! होऊन राह्यलं!” सोबीरला त्यातलं काय कळणार? तो म्हणाला, “कामाला नकार? तुला तुझ्या घरी पाठवतो की नाही बघ!”

दुपारभर घनश्याम वेचत होता, सगळ्यांत मागे. बोंडांची टोकं बोटांत रुतत होती. पण कानात एकच वाक्य घुमत होतं. घरी पाठवतो. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आयतंच चालून आलं होतं, आणि तो मात्र मान वर न करता वेचतच होता.

संध्याकाळी शाळेच्या अंगणात सगळे गोळा झाले. देखरेखीला आलेल्या प्राध्यापिका वेरा पेत्रोवना मध्ये बसल्या, शेजारी सोबीर. बाईंनी सरळ विचारलं, “तू कामाला नकार दिलास, असं हे म्हणतात. खरं असेल तर मला कळवावं लागेल, आणि तुला परत जावं लागेल. दिलास का नकार?”

“पोट दुखत होतं म्हण,” अनवर कुजबुजला.

नुसतं हो म्हणायचं होतं. पुढच्या आठवड्यात दिल्ली, मग मारेगाव, आणि दोष सगळा सोबीरचा. घनश्यामनं तोंड उघडलं.

“नाही,” तो म्हणाला. “मी कामाला सुरुवात करत होतो. आमच्यात आधी शेताला जेवू घालतात. मग वेचतात.”

सोबीरनं मिशीवरून हात फिरवला. “जेवू कोण घालतं? मजूर?”

“छे! मजूर कशाला घालतील? ज्याचं शेत त्याच्याच घरचं माणूस घालतं. परक्याच्या वावरात कुणी...”

घनश्याम तिथंच अडकला. परक्याच्या वावरात कुणी सीतादही करत नाही. हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं, आणि सकाळी ढेकळं मांडताना एकदाही आठवलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि इतक्या लोकांसमोर त्याला ते पुसताही येईनात.

सोबीर त्याच्याकडे बघत राहिला. मग उठला, घोड्याशी गेला, आणि जाता जाता वळून म्हणाला, “उद्या सगळ्यांच्या आधी शेतात ये, मालक.”

सगळे हसले. घनश्यामही हसला. घरी जायचं ते तसंच राहून गेलं.