वाटेत माहेर कुणाचं?

"वाटंत माहेर कुणाचं लागतंय?"

सहलीचा विषय निघाला, की आक्कांचा पहिला प्रश्न हाच. काय बघायचं, किती दिवस जायचं, हे सगळं नंतर. प्रश्न विचारता विचारता त्या पदर कमरेला खोचत आणि बोटाने हवेत रस्ता काढू लागत. घोडेगाव इकडं, नारायणगाव तिकडं, मध्ये घाट. मंचरच्या आमच्या गल्लीत नकाशा म्हणून जे काही होतं ते एवढंच.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. ते दारात येऊन उभं राहिलं, की सगळ्यांना कुठंतरी जावंसं वाटतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. लॉज आणि हॉटेल आमच्या घरच्या मिळकतीत बसत नसत, म्हणून सुट्टीत पुरुष पत्ते कुटत आणि पोरं एकमेकांना कुटत. आक्कांना ते बघवत नसे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गल्लीत जेवढ्या सुना, तेवढी आपली मुक्कामाची ठिकाणं. शेजारच्या चाचांची जीप आठवडाभर भाजी वाहायची आणि रविवारी रिकामी असायची. डिझेल सगळ्यांनी मिळून भरायचं, झोपायचं कुणाच्या तरी माहेरी.

पहिल्याच सहलीला त्यांचं बोट माझ्यावर आलं. माझं माहेर मढचं, आणि मी तेव्हा नवी नवरी. जीपभर माणसं दारात बघून आईचं काय होईल? मी काहीतरी सबब सांगू लागले, तर आक्का म्हणाल्या, "आमी पावणं म्हणून न्हाई येत गं. शिधा संगट, हात संगट. तुझ्या आयनं फकस्त चूल द्यायची."

आणि मग त्यांनी तो नियम सांगितला, ज्यासाठी मी आजही त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते. जिचं माहेर असेल, तिनं तिथं कामाला हात लावायचा नाही. पाय लांब करून बसायचं. स्वयंपाक, भांडी, पाणी सगळं बाकीच्या करणार.

मढला मी खरोखर तशी बसले. आई दर दोन मिनिटांनी उठायची आणि आक्का तिला खांद्याला धरून पुन्हा माझ्याशेजारी बसवायच्या. तिच्याच घरात तिला पाहुणी करून टाकली होती. लग्नानंतर आईशी पोटभर बोलायला मला मिळालं ते त्या दिवशी. समोर माळशेजकडचे डोंगर दिसत होते, पण मी ते बघितलेच नाहीत. मला कुठं सवड होती?

तेव्हापासून गल्लीला वेडच लागलं. निघायच्या आदल्या दिवशी घराघरांत दशम्या भाजल्या जात. एसटीच्या कंडक्टरबरोबर माहेरी निरोप जाई. जीपमध्ये कुणी कुठं बसायचं ते आक्का ठरवत: ज्याला गाडी लागते तो पुढं, बडबड्या मागं, आणि भांडणाऱ्या जावा शेजारी शेजारी. म्हणजे उतरेपर्यंत त्यांचं मिटतंच, असा त्यांचा अनुभव. पारगावला गेलो तेव्हा उसाच्या कांड्या सोलून सोलून सगळ्यांच्या हिरड्या दुखल्या. तळेघरला शेवटची वाट गाठोडी डोक्यावर घेऊन चाललो आणि गरम नाचणीची भाकरी खाल्ली. जुन्नरला चाचींचं माहेर. तिथं चाची पाय लांब करून बसल्या आणि त्यांच्या भावजयांना आक्कांनी पिठलं करून वाढलं. चाची हसून हसून लाल झाल्या होत्या.

सगळ्यांची माहेरं झाली. आक्कांचं कधी झालं नाही. कुणी विषय काढला, की त्या बोट हवेत फिरवून दुसराच रस्ता काढत.

तळेघरच्या रस्त्यावर, डिंभे धरणाचं पाणी दिसू लागतं त्या वळणावर त्या मात्र दर वेळी जीप थांबवत. कारण एकच, पोरांना उतरायचं असेल. पोरं उतरत नसत. आक्का उतरत आणि पदर धरून पाण्याकडं बघत उभ्या राहत. एकदा मी मागोमाग गेले आणि विचारलंच.

"तिकडं व्हतं," त्या म्हणाल्या. "आयबा गेलं, भाऊ पांगलं. पर घराचं जोतं हाय. मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं म्हनं. आमच्या माहेराला बी शाळंवानी सुट्टी असती."

म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. मला काही हसू आलं नाही. आम्हाला सगळ्यांना पाय लांब करून बसवणाऱ्या या बाईला बसायला जागाच नव्हती. मी गाडीत येऊन बायकांच्या कानात सांगितलं आणि मेपर्यंत आम्ही एकमेकींना नुसत्या डोळ्यांनी खुणावत राहिलो.

त्या सहलीला पहिल्यांदाच बेत त्यांचा नव्हता. आम्ही त्यांना पुन्हा तळेघर म्हणून सांगितलं होतं. चाचांनी वळणावर जीप रस्त्याखाली उतरवली तेव्हा आक्का ओरडल्या, की वाट चुकली. चाचांनी गाडी तशीच पाण्याच्या दिशेनं नेऊन उभी केली. पुढं तडकलेला गाळ होता. आम्ही चालू लागलो, आणि थोड्याच वेळात आक्का आमच्या पुढं गेल्या. मग त्या जवळजवळ पळूच लागल्या. चपला हातात, पदर वाऱ्यावर, आणि मागं आमची सगळी वरात.

जोतं खरंच वर आलं होतं. चार दगड, एक पायरी.

"हितं चूल. हितं आय निजायची. हितं म्हस," त्या सांगत सुटल्या. मग सवयीने वाकल्या आणि आमच्या हातातला तवा घ्यायला लागल्या. मी तवा मागं लपवला आणि म्हटलं, "आक्का, पाय लांब करून बसा."

त्यांना बसताच येईना. बसत, पुन्हा उठत, मिठाचं विचारत. शेवटी चाचींनी त्यांना खांद्याला धरून पायरीवर बसवलं. आम्ही तीन दगडांची चूल मांडली. आक्कांनी पाय लांब केले, तळवे त्या दगडाला टेकवले. मग हळूच म्हणाल्या, "लागलं बया. माझं बी लागलं वाटंत."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची पंगत कुठली म्हणाल, तर ती. भाकरीत गाळाची कचकच होती.

आक्का पुढं काही वर्षांनी गेल्या. आजार छोटासाच होता, पण त्यातून त्या उठल्या नाहीत. तोपर्यंत गल्लीत मोटारी आल्या होत्या आणि सहली पत्त्यांसारख्या वेगवेगळ्या घरांत वाटल्या गेल्या होत्या. तरी त्यांच्या माघारी मे महिन्यात आम्ही सगळे पुन्हा चाचांच्या जीपमध्ये चढलो. वळणावर चाचांनी न सांगता गाडी थांबवली.

त्या वर्षी पाणी उतरलं नव्हतं. जोतं खालीच होतं. आम्ही काठावर बसलो. शिधा उतरवला, चूल मांडायची होती, पण एकही बाई उठेना. आळस नव्हता, रुसवा नव्हता. सगळ्या जणी पाण्याकडं तोंड करून पाय लांब करून बसल्या होत्या. पुरुष एकमेकांकडं बघू लागले.

शेवटी चाचांनी बाह्या वर केल्या, परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं. मी अर्धवट उठले, तर हाताने खाली बसवत म्हणाले, "बसा, बसा. वाटेत माहेर लागलंय ना तुमचं."