त्या दिवशी न लिहिलेली तक्रार

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी संत्रं सोलत बसले होते. "तुमचे भाऊ गेले," एवढंच ती बोलू शकली. सकाळी अंघोळ करून तो वलगावच्या घरी ओसरीत येऊन बसला आणि बसल्या जागीच... दीड महिना झाला आता. माझा थोरला भाऊ, निवृत्त पोलीस अधिकारी. भेटायला येणारा जो तो म्हणत होता, देवमाणूस होता. मी मान हलवत होते.

आमचं घर फुलं-भाजी पिकवणारं. भाऊ अकोल्याला ठाणेदार झाला, तरी भांडण मिटवायची त्याची रीत मळ्यातलीच राहिली. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद असो, नालीचा असो, दोन्ही बाजूंना समोर बसवायचा, चहा पाजायचा. "कोर्टाच्या चकरा मारून चपला झिजतीन, इथंच मोकळे व्हा," म्हणायचा. लोक हात मिळवून घरी जायचे. मला त्याचा फार अभिमान होता. म्हणूनच तर शोभाला मी त्याच्याकडे नेलं.

मी शिकवायचे त्या शाळेच्या फाटकाजवळ शोभा हार विकायची. एका सकाळी आली ती डोक्याला पदर दाबून. नवऱ्याने विळा मारला होता. ठाण्यात ती एकच सांगत होती, "साहेब, लिवून घ्या." भाऊने नवऱ्याला बोलावून घेतलं. तो रडला, भाऊच्या पाया पडला. मग भाऊ तिला म्हणाला, "बाई, लिहून घेतलं तं हा आत जाईन. लेकरायनं कोनाच्या तोंडाकडे पाहाव?" शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भाऊ म्हणतो ते बरोबर आहे. एकदा त्याला संधी देऊन पाहा..." हे माझे शब्द. 'माझी काही तक्रार नाही' असं लिहिलेल्या कागदावर तिने सही केली.

नवव्या दिवशी नवऱ्याने तिच्या उजव्या हातावर विळा घातला. जीव वाचला, तीन बोटं गेली. हार गुंफायचा हात होता तो.

भाऊ दवाखान्यात आला तेव्हा मी तिच्या उशाशी होते. तो हात जोडून उभा राहिला. शोभा शांतपणे म्हणाली, "तुमी चांगले मानूस असान साहेब. पन मी त्या दिवशी चांगल्या मानसाकडे नाई आली होती. पोलिसाकडे आली होती." भाऊ तसाच मागे फिरला.

भाऊची चौकशी लागली. तिच्या सहीचा कागद पुढे केला असता तर तो सुटला असता, वरच्यांनीही तेच सुचवलं होतं. त्याने लेखी दिलं, 'कागदावर सही तिची आहे, शब्द माझे आहेत.' त्याची बढती थांबली, ती कायमचीच. शोभाच्या नवऱ्याला शिक्षा झाली. मी विचारलं, असं का लिहून दिलंस? तेव्हा म्हणाला, "सुमन, दखलपात्र गुन्हा दिसला का नोंदवाच लागते. तिथं ठानेदाराची मर्जी चालत नाई. अटक कराव का नोटीस देऊन सोडाव, हे पाहाले कायदा मले थोडी जागा देते, तेबी कारन लिहून. मी भलत्याच जागी माही मर्जी चालवली." त्यानंतर दोन वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नाही. सगळा दोष त्याच्याकडे ठेवला, की माझं वाक्य झाकलं जायचं. त्याने मात्र ते एकदाही काढलं नाही. चौकशीतही नाही.

पुढे तो प्रत्येक फिर्याद नोंदवू लागला. लोक नाराज झाले. एका गावात दोन सख्ख्या भावांवर मारामारीचा गुन्हा नोंदवला आणि ते घर कायमचं दुभंगलं. धाकट्याची तोंडाशी आलेली भरती त्या गुन्ह्यापायी गेली. "कायद्यानं बरोबर केलं," भाऊ म्हणाला, "पन झोप काहून येत नाई?"

निवृत्तीनंतरही वलगावला माणसं त्याच्याकडे यायची. कोणी 'मिटवून द्या' म्हटलं, की हा मांडीवर पॅड घ्यायचा. माणूस बोलेल तसं त्याच्याच शब्दांत लिहायचा, वाचून दाखवायचा आणि त्याच्यासोबत ठाण्यापर्यंत जायचा. सल्ला म्हणून एक शब्द नाही. वहिनी चिडायची, तरी ही सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

मागच्या आठवड्यात मी तिथे होते. दुपारी एक बाई आली. तो गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. कळल्यावर ती पायरीवरच बसली. मनगटावर काळेनिळे वळ होते. मी आतून त्याचं पॅड आणलं. कोऱ्या पानावर आधीच्या पानाची अक्षरं उमटलेली होती. भाऊ फार दाबून लिहायचा. त्या खाचांवरूनच पेन चालवावं लागणार होतं.

"मॅडम, तुमाले काय वाटते? जाऊ का ठान्यात?" तिने विचारलं.

"तू आधी सांग," मी म्हटलं, "मी लिहिते."