भाऊ असल्याचा पुरावा

कदबानू भाबीच्या तोंडाला आमच्या चरावर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटावर, कुणी लागत नसे. नदीसुद्धा नाही, असं तिचा नवरा मोफिज म्हणायचा. एका वर्षी ब्रह्मपुत्रा कापत कापत त्यांच्या अंगणापर्यंत आली, तेव्हा भाबीनं काठावर उभं राहून तिला अशा शिव्या घातल्या की चार दिवसांत धार पलीकडच्या तीराकडे वळली. आता नदी काय कुणाचं ऐकून वळते? पण मोफिजनं ही गोष्ट बाजारात इतक्यांदा सांगितली की पुढच्या पुरात खालच्या वस्तीचे लोक खरंच भाबीला बोलवायला आले होते.

माझं घाटावर झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतं हे मला नसेल माहीत, पण कुणाच्या घरात कुठले कागद आहेत हे पक्कं माहीत असतं. भाबीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी छपराच्या वाशाला टांगलेली. पूर आला की आधी ती पिशवी होडीत जायची, मग शेळ्या, मग मोफिज. हा क्रम मोफिजनंच मला सांगितला होता, आणि त्यात त्याची काही तक्रारही नव्हती.

एके दिवशी शिपाई नाव विचारत विचारत आला आणि भाबीच्या हातात नोटीस देऊन गेला. तिनं ती माझ्याकडं आणली.

"वाच रे रोश्तम."

मी वाचली. कदबानू खातून, मोफिजची बायको, ही परदेशी असल्याचा संशय आहे. तसं नसेल तर तिनं हजर राहून सिद्ध करावं.

"परदेश म्हणजे कुठला?" भाबीनं विचारलं. "मी जिल्ह्याचं गाव पाहिलंय ते दोनदा, आणि दोन्ही वेळा बस लागली."

ती हसत होती, पण नोटीस तिनं चार घड्या घालून पदराच्या गाठीत बांधली. सिद्ध झालं नाही तर परदेशी म्हणून कॅम्पात कोंडतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आम्ही तिघं कलिता वकिलांकडं गेलो. माणूस बरा, फक्त प्रत्येक कागदाकडं बिघडलेल्या माशाकडं बघावं तसा बघायचा. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. भाबीच्या बापाची, इदू शेखची, शेतसाऱ्याची पावती लॅमिनेशन केलेली निघाली.

"हे कुणी केलं? मूळ कागद असा प्लास्टिकमध्ये बंद केला तर शिक्का खरा की खोटा, कोर्टात हाकीम तपासणार कसा?"

"शंभर वर्षं टिकेल म्हणाला हा," भाबीनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मग वकिलांनी चष्मा काढला. "बाई, ऐका. मतदार यादी आहे, त्यात इदू शेख आहे. एकाहत्तर सालाच्या आधीपासून तो कुशबाडीत राहत होता, म्हणजे कायद्यानं इथलाच. उत्तम. पण इदू शेखचं काहीच अडलेलं नाही, तो कबरीत सुखी आहे. तुम्ही त्याची मुलगी, हे कोण सांगतं?"

"मीच सांगते की."

"तुम्ही नाही चालत. शाळेचा दाखला?"

"शाळा कधी पाहिली नाही."

"जन्माचा?"

"मी आईच्या पोटातून आले, ऑफिसातून नाही."

यादीत तिचं नाव होतं, पण ते लग्नानंतरचं, मोफिजची बायको म्हणून. आमच्याकडं पंधराव्या-सोळाव्या वर्षी पोरगी सासरी जाते, बापाच्या घरात तिचं नाव यादीत चढणार कधी? पंचायतीचा एक दाखला होता, अमक्याची मुलगी अमक्याला दिली असा. पण तो ज्या सेक्रेटरीनं दिला त्यानंच येऊन सांगायला हवं होतं, आणि तो बिचारा केव्हाच वारला होता.

"मग रक्ताचं माणूस आणा," वकील म्हणाले. "बापाच्या नावासकट ज्याचं नाव यादीत आहे असं. भाऊ आहे?"

"नाही," भाबी म्हणाली.

मोफिज खाली बघू लागला. मला काही राहवलं नाही. "आहे, साहेब. तोमेज नावाचा. बांधावर राहतो."

"तुझा असेल," भाबी फणकारली, आणि पिशवी उचलून बाहेर गेली.

झालं होतं ते असं. तोमेज तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. तिनं त्याला कडेवर वागवलेला. पुढं कुशबाडी सगळी नदीनं कापली, घर गेलं, शेत गेलं, तेव्हा तोमेज आईला घेऊन पूर अडवायच्या सरकारी बांधावर झोपडीत राहायला गेला. भाबी म्हणत होती, आईला माझ्याकडं ठेव. तो म्हणाला, मुलगा जिवंत असताना आई जावयाच्या दारात राहील का? त्यावरून दोघांची धुसफूस. मग एका मोठ्या पुरात आई गेली. निरोप पोचून भाबी होडीनं बांधावर उतरेपर्यंत माती देऊन झाली होती. मातीला उशीर करू नये हे खरं, पण लेकीसाठी माणसं थांबतात. भाबी सगळ्या बांधासमोर ओरडली, "आईचं तोंड दाखवलं नाहीस मला! आजपासून मला भाऊ नाही. सगळ्यांनी ऐकून ठेवा!" आणि आली त्याच होडीनं परत फिरली.

तेव्हापासून आठ-नऊ वर्षं झाली. दर साली फणस पिकले की भाऊ खांद्यावर फणस घेऊन बहिणीच्या दारात येतात, तिला माहेरपणाला घेऊन जातात. त्या दिवसांत भाबी घाटाकडं पाठ करून बसायची.

पहिल्यांदा मी एकटाच तोमेजकडं गेलो. तो बांबू सोलत होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लोकांसमोर म्हणाली, भाऊ नाही. आता मी शपथेवर जाऊन सांगू, आहे? दोघांतलं एक कुणीतरी खोटं पडणार." मग हळूच म्हणाला, "आणि साक्षीला गेलं की साक्षीदाराच्याच दारात नोटीस येते म्हणतात. मला तीन पोरं आहेत."

भीती काही खोटी नव्हती.

मी हे भाबीला सांगितलं. "मी कुठं त्याला बोलावलंय?" म्हणाली आणि शेळीला विनाकारण एक रट्टा दिला. पण मोफिजनं जेवण सोडलं. दोन दिवस पांता भाताचा, रात्रभर पाण्यात भिजवलेल्या भाताचा, वाडगा तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी ती ओरडली, "मरायचंय का तुला?" तर तो म्हणाला, "तू कॅम्पात गेलीस तर मला शिव्या कोण देणार?" एवढंच. आयुष्यात तो तिच्यापुढं जेवढं बोलला असेल, त्यात हे सगळ्यांत लांब वाक्य असावं. भाबीनं मला हाक मारली, "होडी काढ."

बांधावर ती झोपडीत शिरली नाही, दारात उभी राहिली. तोमेजची बायको अंबिया थाळीत तामूल-पान, म्हणजे सुपारी आणि विड्याचं पान, घेऊन आली, पण भाबीनं हात पुढं केला नाही. आमच्याकडं तामूल घेतला म्हणजे पाहुणी झालो, आणि तिला पाहुणी व्हायचं नव्हतं.

"तोमेज, बुधवारी तारीख आहे. मी विनवण्या करायला आलेली नाही. सांगायला आलेय."

"कुणाला सांगतेस? तुला तर भाऊ नाही."

"नाहीच. पण माझ्या बापाला मुलगा आहे ना? त्यानं येऊन सांगावं, बापाला एक मुलगीपण होती म्हणून."

तोमेजची सुरी बांबूवर तशीच चालत राहिली. भाबी वळली. अंबिया थाळी धरून उभीच होती.

बुधवारी आम्ही पहिल्या होडीनं निघालो. पुकारा झाला तरी तोमेजचा पत्ता नव्हता. कलिता वकील घड्याळ बघत म्हणाले, "तारीख मागून घेतो, पण किती वेळा देतील?" तेवढ्यात तो आला. लुंगी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, काखेत त्याची स्वतःची कागदांची पिशवी. बहिणीकडं बघितलंही नाही, सरळ कठड्यात जाऊन उभा राहिला.

आमच्या वकिलांचे प्रश्न ठीक गेले. बापाचं नाव, आईचं, गाव, घराच्या कुठल्या बाजूला बोराचं झाड. मग सरकारी वकील उठले.

"बहिणीला शेवटचं कधी भेटलात?"

"परवा."

"त्याआधी?"

"आई गेली तेव्हा."

"म्हणजे आठ-नऊ वर्षं झाली. मध्ये एकदाही नाही? ईदला नाही, लग्नाकार्याला नाही?"

"नाही."

"हाकीमसाहेब, सख्खा भाऊ इतकी वर्षं बहिणीच्या दारात जात नाही, आणि नोटीस आल्याबरोबर साक्षीला उगवतो. हा साक्षीदार आणून उभा केलेला आहे."

कलिता वकिलांचा चेहरा उतरला. हाकीम पुढं वाकले. "का गेला नाहीत?"

तोमेजनं कठड्याची कड घट्ट धरली. "ती म्हणाली, मला भाऊ नाही. सगळ्या बांधासमोर म्हणाली, साहेब."

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. आणि भाबी ताडकन उठली.

"हो, म्हणाले! का म्हणाले तेपण विचारा ना त्याला! आईचं तोंड दाखवलं नाही यानं मला!"

"खाली बसा," शिपाई म्हणाला.

"कसं दाखवणार होतो?" तोमेज गर्रकन वळला. आपण कोर्टात आहोत हे तो विसरला होता, थोरल्या बहिणीला पहिल्यासारखं बुबु म्हणू लागला होता. "पहाटे गेली आई. बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी. कोरडी जागा एकच, शाळेमागचा उंचवटा, तोपण बाजूनं ढासळत होता. आईला होडीत ठेवून थांबलो मी, बुबु. होडीतलं पाणी उपसत दुपार उलटेपर्यंत थांबलो. मौलवी ओरडत होता, जागा जाईल. तुझी होडी दिसेना. खड्ड्यात खालून पाणी यायला लागलं तेव्हा माती दिली."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"तू कबर कुठाय म्हणून विचारलंस तरी का? त्याच होडीनं गेलीस. मला वाटलं, बरं झालं. विचारलं असतंस तर काय दाखवलं असतं? तू उतरायच्या आधीच उंचवटा गेला होता. आईला घेऊन गेला. सगळ्या बांधाला मी शपथ घातली, बुबुला सांगू नका. मला भाऊ नाही म्हण, पण आईला कबर नाही हे कसं सांगू तुला?"

कारकुनाचा हात थांबला होता. भाबी मटकन बाकावर बसली. तिनं विचारलं, "आंघोळ कुणी घातली तिला?"

"अंबियानं."

"केस?"

"तेल लावून विंचरले. तू विंचरायचीस तसे."

मी रडलो, लपवून काय करू? मोफिज तर गमछा तोंडात कोंबून बसला होता. हाकीमांनी चष्मा पुसला, कारकुनाला म्हणाले, "लिहा," आणि सरकारी वकिलांकडं बघितलं. ते म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही."

बाहेर पिंपळाखाली दोघं उभी राहिली. माफी वगैरे काही नाही, ती भाबीच्या जिभेला जमलीच नसती. "दाढी पिकली की रे तुझी," म्हणाली.

"तुझ्या शिव्यांनी."

त्यानं पिशवीतून एक पुडी काढली. अंबियानं तामूल-पान बांधून दिलं होतं. भाबीनं ते घेतलं, तोंडात टाकलं, आणि चावता चावता तिच्या डोळ्यांना धार लागली.

निकाल पुढं काही महिन्यांनी लागला. कदबानू खातून, इदू शेखची मुलगी, परदेशी नाही. मी त्याच्या पाच झेरॉक्स काढून दिल्या. लॅमिनेशनचं नाव काढलं नाही.

फणसाच्या दिवसांत तोमेज खांद्यावर हा एवढा फणस घेऊन घाटावर उतरला. भाबी त्या दिवशी घाटाकडं तोंड करून बसली होती. आम्ही सगळे हातांना मोहरीचं तेल लावून फणसावर तुटून पडलो. मोफिजनं इतके गरे खाल्ले की त्याला तिथंच आडवं व्हावं लागलं. मग तोमेजनं हात पुसले आणि सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

"माझीपण आली, बुबु."

मी वाचली. मजकूर तोच, नाव तेवढं दुसरं. साक्षीमुळं आली की तशीही येणारच होती, हे मला विचारू नका, ते कुणालाच सांगता येत नाही.

भाबीनं तेलकट हात मांडीवर ठेवले. "मी तुझ्या दारात यायलाच नको होतं," ती म्हणाली.

"असं कसं? वकिलांनी विचारलं, रक्ताचं माणूस आहे का. मी म्हटलं, बहीण आहे. तुमच्या कोर्टातच लिहून ठेवलंय."

भाबी उठली. बसायच्या वेताच्या मोढ्यावर चढून वाशाची पिशवी काढली, नोटीस आपल्या निकालाच्या शेजारी नीट सरकवली आणि पिशवीला गाठ मारली.

"साक्षीला मी येणार. पण मी काय बोलायचं ते मला कुणी शिकवायचं नाही."

"कोण शिकवतंय तुला? आणि मध्येच पूर आला तर?"

"आला तर आला. आधी ही पिशवी, मग शेळ्या, मग हा," तिनं आडव्या पडलेल्या मोफिजकडं हनुवटी उडवली.

"आणि मी?" तोमेजनं विचारलं.

भाबी पिशवी परत वाशाला टांगत होती. "तू पिशवीतच आहेस," ती म्हणाली.