सपाट शीड

कुळगावचे आमचे शेजारी अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झाले. भेटले की आधी वारा कुठला आहे ते सांगतात, मग तब्येत विचारतात. उजनीच्या जलाशयाकाठी त्यांनी खोली घेतली आहे आणि शिडाची छोटी होडीही. उरलेले आयुष्य तिथे काढायचे आहे. "मला पाण्याची भीती वाटते. मी येणार नाही," असे त्यांच्या पत्नीने पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते.

शीड त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका सिंधी कारागिराकडे शिवायला टाकले. ते आणायला मी बरोबर गेलो. वारा भरावा म्हणून शिडाला पोट ठेवावे लागते. त्यासाठी कापडाचे तुकडे त्यांनी स्वतः गोलसर कापून दिले होते. कारागिराने त्या कडा छाटून शीड चादरीसारखे सपाट शिवले होते.

"साईं, कटिंग टेढी होती तुमची. एकदम सीधी करून दिली," तो अभिमानाने म्हणाला.

शेजारी हसले. त्याला एका शब्दाने दुखावले नाही. नवे शीड तिथेच शिवायला टाकले.

घरी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "बिघडलं ना? आता तरी राहा इथेच."

रविवारी ते सपाट शीड त्यांनी गच्चीत पत्नीच्या कुंड्यांवर ताणून बांधले.

"उन्हाळ्यात झाडं करपणार नाहीत," ते पत्नीला म्हणाले. "मी इथे नसलो तरी."

पत्नीने एकेक गाठ ओढून पाहिली. एक सैल लागली, ती सोडून पुन्हा घट्ट बांधली.