अक्षताचे घासलेले हात

अक्षताला लोकांच्या पायांची किळस होती, आणि पोटासाठी ती पायच धुवायची. बोरीवलीच्या एका पार्लरमध्ये नऊ वर्षं पेडिक्युअरचं काम तिच्याकडे होतं. भेगांत बसलेला मळ, अंगठ्याच्या नखाखालचा पिवळट चुरा, घासल्यावर पाण्यावर सायीसारखी तरंगणारी मेलेली कातडी. पहिल्याच महिन्यात तिची दुधावरची साय सुटली.

गिऱ्हाईक उठलं की ती बेसिनशी जाऊन जंतुनाशक तसंच, पाणी न घालता हातांवर ओतायची, ब्रशने घासायची, वर सॅनिटायझर. दिवसातून दहा वेळा. कांदिवलीला घरी आल्यावर पुन्हा. सासू रुक्मिणी बांगडे साफ करता करता म्हणायची, "अगो, हात आसत ते, टोप नाय. किती घासशीत?"

माशांच्या आतड्यांत बुडालेले सासूचे हात बघून अक्षता तोंड फिरवायची.

पण पिकले ते अक्षताचे हात. आधी कातडी तडकली, मग बोटांच्या बेचक्या लाल झाल्या, मग अंगठ्याच्या नखाकडेला पू धरला. ती आणखी जोरात घासू लागली. एका शुक्रवारी एका बाईंच्या टाचेला क्रीम चोळताना तो पू फुटून टाचेवर आला.

बाईंनी पाय ओढून घेतला. "शी! काय लावलंस हे मला?"

नऊ वर्षं जी 'शी' अक्षताने दातांमागे दाबली होती, ती आज तिच्याच तोंडावर आली.

मालकीण चेतनाबेन ओरडली नाही. "पंधरा दिवस घे. हात सुकले तर ये. नाय तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. असल्या हातासमोर पाय कोण ठेवणार, तूच सांग."

नवरा निलेश काम सुटल्यापासून चार महिने घरीच होता. घरात पगार तिचा एकच.

डॉक्टर शर्मिष्ठांनी औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, "जंतुनाशकाची बाटली आणि ब्रश बंद. सौम्य साबण, तोही गरजेपुरता. काम सुरू कराल तेव्हा ग्लोव्हज."

"नुसत्या साबणाने जंतू मरतील?"

"सगळे मारायचेच नाहीत. लाखो जंतू आपल्या कातडीवर कायमचे राहतात."

"माझ्या? आत्ता?" अक्षताने हात मांडीवरून उचलले.

"आत्ता. तुमच्या सोसायटीच्या गेटजवळ बाकावर बायका बसतात ना? अनोळखी माणसाला सोडतात का सहज?"

"कोण, कुठले, कोणाकडे, सगळं विचारतात."

"तसेच हे. चांगले जंतू जागा अडवून बसतात, वाईटांना टेकू देत नाहीत. काही तर त्यांना मारणारं द्रव्य बनवतात. तुम्ही रोज दहादा बाक रिकामा केलात, वर कंपाउंडची भिंतही, म्हणजे कातडी, फोडलीत."

अक्षताला वाटलं, अंगावरून काहीतरी चालतंय.

हाताला पट्टी होती तोवर रुक्मिणी तिला भरवायची. उघड्या बोटांनी कालवलेला कालवण-भात, नखाच्या कडेला चिकटलेलं एखादं खवलं. अक्षता डोळे मिटून गिळायची. त्या हातांना कधी साधी फोडही आलेली तिने पाहिली नव्हती, आणि याचाच तिला जास्त राग यायचा.

सोळाव्या दिवशी चेतनाबेनने तिचे हात खिडकीशी नेऊन उलटेपालटे केले. कोरडे होते. "चल, बस."

पहिल्याच गिऱ्हाइकाच्या नखाने ग्लोव्ह फाटला. आत कोमट, बुळबुळीत पाणी शिरलं. अक्षताने ओठ आवळून काम पुरं केलं आणि बेसिनशी गेली. कात्र्या बुडवायच्या जंतुनाशकाची बाटली समोरच होती. तिने झाकण काढलं. त्या वासाने तिला माहेरी आल्यासारखं झालं. मग खिडकीतल्या उजेडात धरलेले आपले हात आठवून तिने झाकण घट्ट लावलं. नुसता साबण घेतला, एकदाच. धुतल्यासारखं वाटेना.

दुपारी ती डबा चमच्याने जेवली. संध्याकाळी स्टेशनकडे निघाली ती उजवा हात अंगापासून लांब धरून, कुणीतरी पोचवायला दिलेली वस्तू असावी तसा.